काजळीतला उजेड

काजळी म्हणजे दिव्याचा दोष, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. कंदिलाची काच काळवंडली की ती राखेने घासावी, चुलीवरचे पातेले काळे झाले की ते खरवडावे, आणि उरलीच थोडी तर तान्ह्या मुलाच्या गालाला तीट लावावी. याहून अधिक मान काजळीला आपण कधी दिला नाही. पण याच काजळीतून असे सूक्ष्म कण वेगळे काढता येतात की, ज्यांच्यावर अदृश्य किरण पाडले असता ते निळा, हिरवा, पिवळा प्रकाश देऊ लागतात. एवढेच नव्हे, तर ज्या पाण्यात ते सोडले त्या पाण्यात पारा किंवा लोह विरघळलेले असेल, तर त्यांचा प्रकाश मंदावतो. आणि हेच कण जिवंत पेशीत सोडले, तर त्या पेशीचे अंतरंग सूक्ष्मदर्शकाखाली उजळून दिसते. या कणांची ओळख करून देणे हा आजचा विषय आहे.

आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, आणि जे काही शास्त्र आम्ही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात बसून, कोश आणि ग्रंथ समोर ठेवून शिकलो. मग हा विषय आम्ही का घेतला, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. त्याचे उत्तर सरळ आहे. कामगाराच्या आयुष्यातले काही शत्रू डोळ्यांना दिसतात. सुटलेला पट्टा दिसतो, उघडे चक्र दिसते, तापलेली भट्टी दिसते. पण विरघळलेला धातू दिसत नाही. त्याला वास नाही, आणि घातक ठरेल एवढा असूनही अनेकदा चवही नाही. जो शत्रू दिसत नाही, त्याच्याविरुद्ध तक्रार कशी करावयाची?

एका शहरातील प्लेटिंगच्या लहानशा कारखान्यात आम्ही काही काळ संघटनेचे काम केले. क्रोमच्या टाकीत वीज सोडली की बुडबुडे उठतात, ते फुटतात, आणि क्रोमिक ॲसिडचे बारीक तुषार हवेत पसरतात. टाकीवर काम करणाऱ्यांच्या बोटांना खोलगट व्रण पडतात, आणि पुढे पुढे नाकाचा आतला पडदा झिजून त्याला भोक पडते. आमच्या ओळखीच्या एका कामगाराला ते पडले होते. मालकाशी बोलणी झाली तेव्हा उत्तर मिळाले, "पुरावा काय? पाणी तर स्वच्छ दिसते!" नमुना तपासावयास पाठवावा तर प्रयोगशाळा दूर, तिचे शुल्क आमच्या फंडाला न पेलणारे, आणि अहवाल हाती येईपर्यंत टाकी धुऊन, फरशी घासून सर्व काही सोज्ज्वळ झालेले. १९४८ सालच्या कारखान्यांच्या कायद्याला जी रोगांची यादी जोडलेली होती, तिच्यात शिशाची बाधा, पाऱ्याची बाधा आणि क्रोमचे व्रण ही तिन्ही नावे होती. म्हणजे कायद्याला रोग ठाऊक होता. ठाऊक नव्हते ते एवढेच, की या टाकीपाशी, आज, किती धातू आहे. ते मोजण्याचे साधन कामगाराजवळ नव्हते. म्हणून मोजमापाचे नवे साधन कोठे निघाले असे वाचनात आले की आमचे कान टवकारतात.

आता मूळ विषयाकडे वळू. काही पदार्थ एका जातीचा प्रकाश गिळतात आणि तत्काळ दुसऱ्या जातीचा प्रकाश बाहेर टाकतात. बँकेतील रोखपाल नोट जांभळट दिव्याखाली धरतो तेव्हा नोटेवरील क्रमांक चमकतो, तो हाच प्रकार. दिव्यातून येणारे जंबुपार किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. शाईतील द्रव्य ते किरण घेते, त्यातली थोडी शक्ती आपल्यापाशी उष्णतेच्या रूपाने जिरवते, आणि उरलेली शक्ती दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने परत करते. जुन्या ट्यूबलाइटमध्येही आत पाऱ्याची वाफ जंबुपार किरण देई आणि काचेला आतून लावलेली पांढरी भुकटी त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करी. या गुणाला इंग्रजीत फ्लुअरेसन्स म्हणतात. आपण त्याला अनुदीप्ती म्हणू. १८५२ साली केंब्रिजचे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी क्विनाइनचे द्रावण आणि फ्लोरस्पार नावाचे खनिज यांच्यावर प्रयोग करून या घटनेचा नियम मांडला आणि त्या खनिजावरूनच तिला नाव दिले. घेतलेल्या प्रकाशापेक्षा दिलेला प्रकाश कमी शक्तीचा असतो, हा तो नियम. मधल्या मध्ये थोडी दलाली कापली जाते, असे म्हणा ना!

कोळसा आणि काजळी यांचा या गुणाशी काही संबंध असेल असे कोणाला वाटले नव्हते, कारण काळा पदार्थ प्रकाश गिळतो आणि परत देत नाही. परंतु २००४ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात वॉल्टर स्क्रिव्हेन्स यांच्या प्रयोगशाळेत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या शुद्ध करण्याचे काम चालू होते. विजेच्या ठिणगीने तयार झालेल्या काजळीत या नळ्या असतात. काजळी नत्राम्लात उकळून, तिच्यातले घटक विजेच्या दाबाने निरनिराळे ओढून काढीत असताना, टाकाऊ म्हणून बाजूस पडणाऱ्या भागात एक पट्टा चमकताना आढळला. शोधायला गेले नळ्या आणि हाती लागला उजेड! २००६ साली क्लेमसन विद्यापीठातील या-पिंग सुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटवर लेसर किरण मारून असे कण मुद्दाम तयार केले, त्यांच्या पृष्ठभागावर एका बहुवारिकाचे आवरण चढवले आणि त्यांना 'कार्बन डॉट' म्हणजे कर्बबिंदू हे नाव दिले.

पण सामान्य माणसाला जवळचा वाटेल असा प्रयोग २००७ सालचा. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात चेंगदे माओ यांच्या प्रयोगशाळेने साधी मेणबत्ती पेटवली, तिची काजळी गोळा केली आणि ती नत्राम्लात बराच वेळ उकळली. मग ते द्रावण एका चिकट जेलीतून विजेच्या साहाय्याने सरकवले. लहानमोठे कण मागेपुढे राहिले, आणि एकाच जंबुपार दिव्याखाली निरनिराळे पट्टे निरनिराळ्या रंगांनी चमकू लागले. अर्थात त्यांची चमक फार नव्हती. शंभर प्रकाशकण घेतले तर दोनसुद्धा परत मिळत नव्हते. त्यानंतरची प्रगती मात्र झपाट्याची आहे. २०१३ साली चीनमधील जीलिन विद्यापीठातील बाय यांग यांच्या गटाने सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपल्या वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व, आणि एथिलीनडायअमीन हे द्रव्य एकत्र करून, बंद पात्रात पाण्याबरोबर तापवून जे कण मिळवले, त्यांची परतफेड सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत गेली.

हे कण केवढे असतात? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण बहुधा दहा नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. मध्ये कार्बनचा गाभा, आणि पृष्ठभागावर प्राणवायू, हायड्रोजन, नत्र यांचे लहान लहान रासायनिक गट बाहेर डोकावत असतात. या गटांमुळेच कण पाण्यात सहज मिसळतो, आणि या गटांमुळेच तो धातूला पकडतो.

तो धातू कसा पकडतो, ते आता पाहू. पाण्यात विरघळलेला धातू आयनांच्या, म्हणजे विद्युद्भार असलेल्या अणूंच्या रूपाने वावरतो. लोहाचा किंवा पाऱ्याचा असा धनभारित आयन कणाच्या पृष्ठभागावरील गटांना येऊन चिकटतो. कणाने जंबुपार किरण घेतल्यावर त्याच्यातील इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो, आणि खाली उतरताना प्रकाश देतो. पण धातू चिकटलेला असला तर इलेक्ट्रॉनला दुसरी वाट मिळते. तो धातूकडे वळतो आणि शक्ती प्रकाशाविना खर्च होते. घागरीला भोक असले म्हणजे नळ कितीही सोडा, पाणी काठावरून सांडत नाही, तसेच हे. दुसरा प्रकार याहून साधा आहे. क्रोमियमची काही संयुगे पिवळी असतात आणि कणांसाठी पाठवलेला प्रकाश तीच वाटेत गिळून टाकतात. म्हणजे येथे घागरीला भोक नाही, नळावरच कोणी हात धरला आहे. पण दोन्ही प्रकारांत परिणाम एकच की, धातू जितका अधिक, तितका उजेड कमी.

उजेड कमी झाला एवढ्यावरून आकडा कसा काढावयाचा, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, शुद्ध पाण्यात कणांचा उजेड १०० आहे. त्यात आपण मोजून १० भाग लोह घातले, तेव्हा उजेड ८० झाला. १०० ला ८० ने भागले, भागाकार सव्वा आला. २० भाग लोह घातले, तेव्हा उजेड ६७ च्या आसपास आला आणि भागाकार दीड झाला. म्हणजे दर दहा भागांमागे भागाकार पावाने वाढतो. आता विहिरीचे अज्ञात पाणी घेतले आणि उजेड ७३ भरला, तर भागाकार १.३७ च्या जवळ येतो; म्हणजे त्या पाण्यात सुमारे १५ भाग लोह आहे. हा हिशेब स्टर्न आणि फोल्मर या दोघा शास्त्रज्ञांनी १९१९ साली मांडला, आणि तो कापडाच्या दुकानातील त्रैराशिकापेक्षा अवघड नाही. आमचा नेहमीचा अनुभव असा की, यंत्राचे नाव लांबलचक असले म्हणजे कामगार दबून जातो. पण आतले गणित उलगडून दाखवले की तोच कामगार नेमका प्रश्न विचारतो.

या पद्धतीची संवेदनक्षमता किती, त्याचाही एक दाखला देतो. २०१२ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी पपनसाच्या सालीपासून असे कण तयार केले. आपण गणपतीपुढे ठेवतो तेच पपनस! साल पाण्याबरोबर बंद पात्रात तापवली, बस्स. या कणांनी एक लिटर पाण्यात ०.२३ नॅनोमोल इतका पारा ओळखता येतो असे त्यांनी नोंदवले, आणि तळ्याच्या पाण्यावरही प्रयोग करून पाहिला. या मापाचे आपल्या भाषेत रूपांतर करू. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, अशी घातली आहे. पपनसाच्या कणांची पकड त्या मर्यादेच्या सुमारे विसाव्या हिश्शापर्यंत जाते. त्याच वर्षी भारतातील शास्त्रज्ञांनी संत्र्याच्या रसापासून कर्बबिंदू तयार करून पेशी उजळून दाखवल्या. साल, रस, काजळी यांसारख्या फुकट वस्तूंतून हे साधन निघते, ही गोष्ट गरीब देशाला लहान नाही. धातू मोजण्याची जी प्रस्थापित यंत्रे आहेत, उदाहरणार्थ ॲलन वॉल्श यांनी ऑस्ट्रेलियात १९५५ च्या सुमारास पुढे आणलेली अणुशोषणाची पद्धत, ती अत्यंत भरवशाची आहेत. पण त्यांना लक्षावधी रुपये, वायूची नळकांडी आणि शिकलेला हात लागतो. कारखान्याच्या दारात ती उभी करता येत नाहीत.

आता दुसऱ्या उपयोगाकडे, म्हणजे पेशींच्या चित्रणाकडे येऊ. पेशी बहुतेक पारदर्शक असते, म्हणून तिच्यात काही पाहावयाचे तर चमकणारे द्रव्य आत सोडावे लागते. जुने सेंद्रिय रंग प्रखर प्रकाशात विटतात, जसा झेंडा उन्हात विटतो. ज्या क्वांटम बिंदूंच्या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते फार उत्तम चमकतात. पण त्यांतील पुष्कळसे कॅडमियमचे असतात, आणि कॅडमियम हे स्वतःच विष आहे. कार्बनचे कण त्या मानाने निरुपद्रवी आढळले आहेत आणि सहसा विटत नाहीत. २००९ साली क्लेमसनच्या गटाने ते उंदरांना टोचून, त्यांचा प्रवास बाहेरून प्रकाशाने पाहिला. पुढे जिवंत पेशींत कण सोडून तेथील लोहाची चाहूल घेण्याचेही प्रयोग झाले. म्हणजे ओळखणे आणि पाहणे ही दोन्ही कामे एकच कण करू लागला. तथापि निळा-हिरवा प्रकाश मांस आणि रक्त यांतून फार खोल जात नाही. त्यासाठी तांबड्या किंवा त्याच्याही पलीकडच्या प्रकाशाचे कण हवेत, आणि तेच बनवण्याची खटपट आज चालू आहे. रुग्णालयातील नित्याच्या तपासणीत हे कण अजून आलेले नाहीत. तेव्हा कोणी उद्या कर्बबिंदूंचे औषध विकावयास आला, तर त्याला वाटेला लावावे.

येथपर्यंत गुण सांगितले. आता उणिवा सांगणे आमचे कर्तव्य आहे. संघटनेच्या कामात एक गोष्ट शिकावी लागते, की आपल्या बाजूचा पुरावाही उलटतपासणीत टिकला पाहिजे. पहिली उणीव अशी की उजेड मंदावण्यास धातूच कारण असेल असे नाही. गढूळ पाणी, आम्लता, तापमान, जुना झालेला दिवा यांनीही तो मंदावतो. शिवाय पारा ओळखणाऱ्या कणाला तांबे किंवा लोहही फसवू शकते. यावर उपाय म्हणून दोन रंगांचा उजेड एकाच वेळी देणारे कण वापरतात. धातूने एक रंग मंदावतो, दुसरा तसाच राहतो, आणि दोहोंचे प्रमाण पाहिले की इतर गोंधळ बराचसा वजा होतो. दुसरी उणीव अशी की आजची घाणी आणि उद्याची घाणी सारखी उतरत नाही. एकाच कृतीने केलेले कणही थोडे वेगळे निघतात. तिसरी उणीव मुळाशीच आहे. उजेड नक्की कोण देतो, याविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे. लिंबूसत्त्वापासून केलेल्या कणांचा पुष्कळसा निळा उजेड कणाचा नसून, त्याच भट्टीत तयार झालेल्या एका लहान रेणूचा आहे, असे २०१५ च्या सुमारास दाखवण्यात आले. म्हणजे कण नीट धुऊन वेगळे केले नाहीत, तर श्रेय एकाचे आणि काम दुसऱ्याचे, असा प्रकार होतो. हा प्रकार कारखान्यातही आम्हांस अपरिचित नाही!

शास्त्रातल्या उणिवा शास्त्रज्ञ भरून काढतील. पण एक उणीव अशी आहे की ती कोणतीही प्रयोगशाळा भरून काढू शकत नाही. आकडा मिळाला म्हणजे न्याय मिळाला, असे आपण धरून चालतो. तसे नाही, याची साक्ष जपानच्या मिनामाता या गावाने दिली आहे. १९५६ साली तेथील कोळ्यांच्या कुटुंबांत हातपाय वाकडे करणारा, वाचा नेणारा रोग अधिकृतपणे नोंदला गेला. चिस्सो कंपनीच्या कारखान्याचे सांडपाणी खाडीत जात होते. १९५९ साली कंपनीच्याच रुग्णालयातील डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी ते सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिले. ४०० क्रमांकाचे ते मांजर त्याच रोगाने ग्रस्त झाले. कंपनीला निष्कर्ष कळला, पण तो बाहेर आला नाही. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली. नऊ वर्षे सत्य कपाटात होते आणि पारा समुद्रात जात होता. १९७० साली होसोकावांनी आजारी अवस्थेत, अंथरुणावरून साक्ष दिली, आणि १९७३ साली न्यायालयाने रोग्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या गावाचे नाव धारण करणारा पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला आणि २०१७ पासून अमलात आला.

या हकिगतीत आणखी एक बोध आहे. मिनामाताचे विष साधा विरघळलेला पारा नव्हते. ते मिथिल-पारा होते, आणि ते मासळीच्या अंगात साठून माणसाच्या पोटात गेले. केवळ पाणी तपासून कोणी हात झटकले असते, तर तपासणी खरी आणि निष्कर्ष खोटा ठरला असता. म्हणून नवे साधन पुढे आले की नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. हे साधन कोणता धातू, आणि त्याचे कोणते रूप, ओळखते? त्याची परीक्षा शुद्ध पाण्यात झाली, की आपल्या नाल्याच्या, बोअरच्या आणि टाकीच्या पाण्यात झाली? आणि तिसरा प्रश्न, जो आम्हांला सर्वांत मोठा वाटतो, तो असा की निघालेला आकडा कोणाच्या कपाटात जातो?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शास्त्रज्ञ देतील, आणि ती त्यांनी सोप्या मराठीत द्यावीत असा आग्रह आपण धरला पाहिजे. आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, नगरपालिका आणि कामगार संघटना एकत्र आल्या, तर हे काम घरबसल्या आरंभता येण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांनी सालीपासून कण करावेत, गावातल्या पाण्याचे नमुने घ्यावेत, संशयास्पद नमुना मोठ्या यंत्रावर पडताळून घ्यावा, आणि आकडे वाचनालयाच्या फळ्यावर लिहावेत. कणांचा उजेड हा पहिला इशारा आहे, शेवटचा निवाडा नव्हे. पण पहिला इशारा वेळेवर मिळाला तर पुष्कळ नाके, पुष्कळ बोटे आणि पुष्कळ मुले वाचतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र शास्त्रज्ञ देऊ शकत नाहीत. ते आपल्यालाच द्यावयाचे आहे, आणि आकडा फळ्यावर यावा ही मागणी आपणच केली पाहिजे.